अर्ध्यावर थांबणारं बोट

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं शटर बटण बहुतेक जण एका दमात खाली दाबतात. खट्ट झालं, फोटो निघाला, विषय संपला. पण या बटणाचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. बोट टेकवून हलकेच दाबत गेलं की एका ठिकाणी किंचित अडल्यासारखं लागतं. तिथेच थांबायचं. पूर्ण दाबायचं नाही आणि सोडायचंही नाही. माझ्या मते अख्ख्या कॅमेऱ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नियंत्रण हेच.

त्या अर्ध्या दाबात कॅमेरा दोन कामं उरकतो. लेन्समधली भिंगं पुढेमागे सरकवून फोकस लावतो आणि समोरचा उजेड मोजतो. फोकस लागला की स्क्रीनवर हिरवी चौकट उमटते, बारीक ‘पिप्’ वाजतं आणि खालच्या कडेला आकडे येऊन थांबतात: १/३०, एफ/२.८, आयएसओ ८००. हे आकडे म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेला निर्णय. फोटो अजून निघालेला नाही. कॅमेरा फक्त विचारतोय, ‘असा काढू का?’ बटण पूर्ण दाबणं म्हणजे ‘काढ’. उरलेली बटणं, डायल आणि रिंगा यांतली बहुतेक सगळी ‘नको, असा काढ’ हे सांगण्यासाठी आहेत. एवढं डोक्यात बसलं की स्क्रीनवरची सगळी चिन्हं पाठ करत बसावी लागत नाहीत.

अर्ध्या दाबाचे रोखठोक फायदेही आहेत. फोकस आधीच लागलेला असल्यामुळे पूर्ण दाबल्यावर फोटो जवळजवळ त्याच क्षणी निघतो. ‘मी दाबलं तेव्हा तो हसत होता, फोटोत तोंड फिरवलेलं आलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा फोकस लागायला गेलेला वेळ असतो. दुसरा फायदा फोकस धरून ठेवण्याचा. दोन माणसं शेजारी उभी आहेत, त्यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा आहे आणि कॅमेऱ्याने नेमका त्या फटीतून मागच्या झाडावर फोकस लावला. अशा वेळी फोकसची चौकट एका चेहऱ्यावर नेऊन बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून कॅमेरा पुन्हा हवा तिथे वळवायचा आणि मग पूर्ण दाबायचं. मधल्या काळात तुम्ही किंवा ती माणसं पुढेमागे सरकली तर मात्र हिशेब चुकतो, नव्याने दाबावं लागतं. कॅमेरा सतत फोकसवर, म्हणजे एएफ-सीवर असेल तर हा डाव चालत नाही, कारण तिथे बटण धरलेलं असतानाही फोकस बदलत राहतो. हलत्या माणसासाठी ते योग्य, थांबलेल्या दृश्यासाठी एएफ-एस, म्हणजे एकदा फोकस लावून थांबणारा, बरा.

कधी चौकट हिरवी होतच नाही, पिवळी किंवा लाल होऊन लुकलुकत राहते. याची कारणं मोजकीच असतात. वस्तू फार जवळ आहे, उजेड फार कमी आहे, किंवा समोर पकडायला काही रेषच नाही. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत फोकस लावण्याची पद्धत चाचपडण्याची असते. लेन्स थोडी पुढे सरकवून बघायची, कडा आधीपेक्षा ठळक झाल्या का ते तपासायचं, झाल्या असतील तर आणखी पुढे जायचं, ठळकपणा कमी व्हायला लागला की मागे यायचं. कोऱ्या भिंतीवर कडाच नाहीत, तर काय तपासणार? म्हणून चौकट भिंत आणि खिडकीच्या सीमेवर न्या, पुस्तकाच्या कडेवर न्या, शर्टच्या कॉलरवर न्या. नव्या, महागड्या मॉडेलांत सेन्सरवरच, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवरच, फेज डिटेक्शनचे बिंदू असतात. त्यांना लेन्स कुठल्या दिशेला आणि साधारण किती सरकवायची हे आधीच कळतं, त्यामुळे चाचपडणं खूप कमी होतं.

तीन आकडे

आता त्या आकड्यांकडे येऊ. १/३० म्हणजे शटर स्पीड, सेन्सरवर उजेड किती वेळ पडणार ते. एका सेकंदाचा तिसावा भाग ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण चालणारा माणूस तेवढ्यात फोटोत हलतो. चालत्या माणसाला १/१२५ लागतो, पळत्या पोराला १/५०० तरी हवा. उलट धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसायला अर्धा सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं.

एफ/२.८ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सच्या आतल्या छिद्राचा आकार. आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच छळतं. हा आकडा म्हणजे भागाकार आहे: लेन्सचं फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास. फोकल लेंग्थ म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ ओढते ते सांगणारं, मिलिमीटरमधलं माप. छिद्र मोठं झालं की भागाकार लहान येणार. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या ओळीत दर पायरीला उजेड निम्मा होतो. छायाचित्रकार या निम्म्या-दुपटीच्या पायरीला स्टॉप म्हणतात.

तिसरा आकडा आयएसओ. सेन्सरने गोळा केलेला सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते हा ठरवतो. १००चे २०० केले की फोटो दुप्पट उजेडातला असल्यासारखा दिसतो.

तिघांचं नातं अगदी सरळ आहे. एकाने एक स्टॉप उजेड कमी केला तर दुसऱ्या कुणीतरी एक स्टॉप भरून द्यायचा. कॅमेरा स्वतः हेच करत असतो. फरक एवढाच की फोटोत काय महत्त्वाचं आहे हे त्याला ठाऊक नसतं.

हे सगळं एकदम डोळ्यांसमोर बघायचं असेल तर झूमचं उदाहरण घ्या. २०१२ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या आरएक्स१००वर लेन्सच्या कडेला १.८ ते ४.९ असे आकडे आहेत. झूम न करता म्हणजे वाईडला या लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/१.८पर्यंत उघडतं आणि पूर्ण झूमला फक्त एफ/४.९पर्यंत. छिद्र लहान झालं असं वाटेल, पण हिशेब करून बघा. वाईडला या लेन्सचं खरं फोकल लेंग्थ १०.४ मिलिमीटर आहे; त्याला १.८ने भागलं की व्यास येतो ५.८ मिलिमीटर. पूर्ण झूमला फोकल लेंग्थ ३७.१, भागिले ४.९, म्हणजे साडेसात मिलिमीटर. छिद्र उलट मोठंच झालंय. पण फोकल लेंग्थ त्याहून कितीतरी वेगाने वाढलं, म्हणून सेन्सरवर पोचणारा उजेड सातव्या हिश्शाच्याही खाली आला.

याचा परिणाम हातात लगेच कळतो. घरातल्या ज्या उजेडात वाईडला १/६० मिळत होता, तिथे त्याच आयएसओला पूर्ण झूम केल्यावर १/८ मिळतो. आणि झूम केल्यावर हाताची थरथरही झूमच्याच पटीने मोठी दिसते. जुना ढोबळ नियम असा की, शटर स्पीड १ भागिले फोकल लेंग्थपेक्षा हळू नको, आणि हे फोकल लेंग्थ ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेतलं, म्हणजे त्या फिल्मवर तेवढंच दृश्य यायला जे लागेल ते, धरायचं. या कॅमेऱ्याची रेंज त्या मापात २८ ते १०० आहे. म्हणजे वाईडला १/३० चालून जातो, पूर्ण झूमला १/१०० हवा. हवा १/१०० आणि मिळतोय १/८. संध्याकाळी झूम मारून काढलेले फोटो हललेले का येतात, त्याचं हे कारण. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन यातली बरीच तूट भरून काढतं, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. समोरचा माणूस हलला तर त्याच्याकडे इलाज नाही. त्यामुळे उजेड कमी असला की झूमचा लिव्हर सोडायचा आणि दोन पावलं पुढे जायचं. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याबद्दल एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन.

डिजिटल झूम मात्र मेनूत जाऊन कायमचा बंद करून टाका. तो चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, नवीन तपशील काहीही आणत नाही. हे काम नंतर कधीही करता येतं.

सेन्सर लहान, म्हणून काय?

खिशातल्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, ३६ × २४. क्षेत्रफळाने बघितलं तर एक इंची सेन्सर साध्या सेन्सरच्या चौपट आहे आणि फुल फ्रेम एक इंचीच्या सातपट.

या लहानपणाचे दोन परिणाम नियंत्रणांवर थेट होतात. पहिला म्हणजे, पार्श्वभूमी धूसर करणं कठीण जातं. एक इंची सेन्सरवरचं एफ/१.८ धूसरपणाच्या बाबतीत फुल फ्रेमवरच्या एफ/५च्या आसपास बसतं. नखाएवढ्या सेन्सरवर तर अ‍ॅपर्चर बदलून फोटोत फरक दिसेल अशी अपेक्षाच ठेवू नये. तरीही मागचं धूसर हवंच असेल तर तीन गोष्टी करायच्या: भरपूर उजेडात झूम करायचं, माणसाच्या जवळ जायचं आणि त्याला भिंतीपासून लांब उभं करायचं. दुसरा परिणाम असा की, अ‍ॅपर्चर फार बंद केलं तरी नुकसान होतं. छिद्र खूप लहान झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि चित्र मऊ पडतं. मोठ्या कॅमेऱ्यांवर एफ/८ हा निर्धास्त आकडा. सगळ्यात लहान सेन्सरवर तोच आकडा तपशील खाऊन टाकतो.

याची चांगली बाजूही आहे. जवळच्या फुलापासून मागच्या पानांपर्यंत बरंच काही एकाच वेळी स्पष्ट येतं. मॅक्रोसाठी, म्हणजे फुलाचं चिन्ह असलेल्या, अगदी जवळून फोटो काढायच्या सोयीसाठी, लहान सेन्सर वरदान आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं, की सगळ्यात जवळचा फोकस वाईडलाच मिळतो. वाईडला लेन्सपासून ५ सेंटीमीटरवर फोकस लावणारा कॅमेरा पूर्ण झूमला अर्धा मीटर लांब जायला सांगतो. फूल मोठं दिसावं म्हणून झूम करणारा माणूस आणि लुकलुकणारी पिवळी चौकट ही जोडी त्यामुळेच जमते.

प्लस-मायनस

अर्ध्या दाबानंतर कॅमेऱ्याला ‘नको, असा काढ’ सांगायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, अर्धी काळी अर्धी पांढरी चौकट आणि त्यात प्लस-मायनस असलेलं बटण. हे वापरलंच जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उजेड मोजताना कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही, फक्त किती प्रकाश येतोय ते कळतं. मग तो एक गृहीत धरतो: दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं. बहुतेक दृश्यं तशी असतातच, म्हणून बहुतेक फोटो बरे येतात. पण पांढऱ्या चादरीवर झोपलेलं बाळ, बर्फ, धुकं, चुन्याची भिंत समोर आली की कॅमेरा म्हणतो, फारच प्रकाश आहे, कमी करू. आणि शुभ्र चादर मळकट करडी येते. काळा कुत्रा किंवा काळा कोट फ्रेमभर असला की उलटं होतं. कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळं फिकट पडतं. आजचे कॅमेरे चेहरे ओळखतात, दृश्याचे भाग पाडून मोजतात, त्यामुळे चुका कमी झाल्यात. पण त्यामागचं गृहीत तेच आहे.

म्हणून पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. अंतःप्रेरणा याच्या नेमकी उलट सांगते, पण चादर पांढरी यायची असेल तर प्रकाश वाढवावा लागतो. चादरीला +१ लावून बघा, बर्फाला त्याहूनही जास्त लागेल. काळ्या कुत्र्याला −१. खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा काळवंडत असेल तर +१ किंवा +१.५, खिडकीबाहेरचं दृश्य पांढरं पडेल, ते पडू द्या, फोटो माणसाचा आहे. सूर्यास्ताला −०.७ लावलं की रंग गडद होतात. +१ म्हणजे दुप्पट प्रकाश. डायल बहुतेक वेळा एकतृतीयांशाच्या पायऱ्यांनी फिरतो, म्हणून ०.३, ०.७ असे आकडे दिसतात.

किती लावलं ते ठरवताना फक्त स्क्रीनवर भिस्त ठेवू नका. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन जास्त उजळ वाटते, उन्हात काळीठिक्कर. हिस्टोग्राम सुरू करा. त्या छोट्या आलेखात डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेलाय असं दिसलं तर तिथला तपशील गेला, तो पुन्हा मिळत नाही. काळ्यातला तपशील नंतर थोडाफार ओढून काढता येतो, जळालेल्या पांढऱ्यातला नाही. त्यामुळे कडक उन्हात मी मायनसकडे झुकतं माप देते.

आयएसओबद्दलही इथेच सांगून टाकते. आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोष खरं तर कमी उजेडाचा असतो. प्रकाश थेंबाथेंबाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर त्यांची संख्या नैसर्गिकरीत्याच शंभरेकने वरखाली होते, म्हणजे एक टक्का. सरासरी १०० कण असतील तर दहाने, म्हणजे दहा टक्के. शेजारच्या पिक्सेलमधली ही तफावत डोळ्याला दाण्यांसारखी दिसते. आयएसओ ती फक्त मोठी करून दाखवतो. म्हणून ‘आयएसओ कमी ठेवा’ हा सल्ला अर्धवट आहे. कमी आयएसओमुळे शटर १/८ वर जाणार असेल तर दाणे परवडले, हललेला फोटो नाही परवडत. ऑटो आयएसओ लावायचा आणि त्याची वरची मर्यादा आपण ठरवायची: एक इंची सेन्सरला ३२००, नखाएवढ्याला ८००. ज्या कॅमेऱ्यात सोय आहे तिथे ऑटो आयएसओसाठी शटरची खालची मर्यादा १/१२५ ठेवली की माणसांचे फोटो बरेचसे सावरतात.

डायल, रिंग आणि अंगठा

वरच्या डायलवरची अक्षरं म्हणजे निर्णयाची वाटणी. ऑटोमध्ये सगळं कॅमेऱ्याकडे, प्लस-मायनससुद्धा बहुतेक वेळा बंद. पीमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेरा ठरवतो, पण बाकीचा अधिकार तुमचा. एमध्ये अ‍ॅपर्चर तुमचं, एसमध्ये शटर तुमचं. कॅननवर हीच दोन एव्ही आणि टीव्ही नावांनी येतात. एममध्ये दोन्ही तुमची. लहान सेन्सरवर ए मोडला फारसा अर्थ उरत नाही, हे वर आलंच. तिथे पीवर ठेवावं आणि प्लस-मायनस वापरावं. पळणाऱ्या पोरांसाठी एस. एम ट्रायपॉडवर, किंवा एकाच उजेडात एकसारखे अनेक फोटो हवे असतील तेव्हा. स्पोर्ट्स, लँडस्केप, फटाके वगैरे सीन मोड म्हणजे याच सेटिंग्जच्या बांधून ठेवलेल्या जुड्या आहेत. वापरायला हरकत नाही, पण स्पोर्ट्स निवडल्यावर आकडे कसे बदलतात ते एकदा बघा. मग तो मोड शोधत बसायची गरज पडणार नाही.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची खरी अडचण जागेची. मोठ्या कॅमेऱ्यावर प्रत्येक कामाला वेगळं चाक असतं. इथे अंगठ्याएवढ्या जागेत सगळं कोंबायचं. कंपन्यांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले. कॅननने २००९च्या एस९०वर लेन्सभोवती फिरणारी रिंग दिली आणि तिला कुठलं काम द्यायचं ते वापरणाऱ्यावर सोडलं. फुजीफिल्मच्या २०११च्या एक्स१००वर झूमच नाही, पण शटर स्पीडचा डायल, प्लस-मायनसचा डायल आणि अ‍ॅपर्चरची रिंग सगळं बाहेर, आकडे कोरलेलं. कॅमेरा बंद असतानाही काय लावलंय ते दिसतं. रिकोच्या जीआर मालिकेने एका हाताने चालणारा कॅमेरा हेच ध्येय ठेवलं. त्यातली एक सोय मला फार आवडते, कारण ती अर्ध्या दाबाचा नियमच फिरवते. अर्धं दाबून थांबलात तर नेहमीसारखा फोकस लागतो. पण न थांबता एका झटक्यात पूर्ण दाबलंत तर कॅमेरा फोकस शोधतच नाही, आधी ठरवून ठेवलेल्या अंतरावर फोटो काढून मोकळा होतो. अंतर २ मीटर आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवलं तर ढोबळ हिशेबाने सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला याहून वेगवान काय मिळणार?

तुमच्या कॅमेऱ्यात रिंग असेल तर मेनूत जाऊन तिला प्लस-मायनसचं काम द्या. एक बटण आयएसओला द्या. मागचं चाक मात्र जपून वापरा. ते अंगठ्याच्या अगदी खाली येतं आणि कॅमेरा नुसता धरला तरी थोडं फिरतं. फोटो अचानक काळे यायला लागले तर आधी प्लस-मायनसचा आकडा बघा. पुष्कळदा अंगठ्याने गुपचूप −१.३ लावलेलं असतं.

धरायचं कसं

१९९५मध्ये कॅसिओने क्यूव्ही-१० हा पाठीवर एलसीडी स्क्रीन असलेला डिजिटल कॅमेरा सर्वसामान्यांसाठी आणला. तोवर कॅमेरा डोळ्याला लावायचा असे. स्क्रीन आली आणि हात पुढे गेले. सोय झाली, पण कपाळाचा आधार गेला. पसरलेल्या हातांत दोन-तीनशे ग्रॅमचा डबा बटणाच्या नुसत्या दाबानेसुद्धा झुकतो. वजनच नसल्यामुळे हे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा इथे जास्त होतं.

म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवा. उजव्या हाताची तर्जनी शटरवर, अंगठा मागे, डावा हात खालून. डाव्या हाताची बोटं फ्लॅशवर किंवा लेन्सच्या नळीवर येत नाहीत ना ते बघा. बटणावर टोकाने टोचू नका. बोटाचं पेर बटणावर सपाट ठेवून हळूच जिरवा. श्वास सोडता सोडता दाबा. मानेत पट्टा असेल तर तो पुढे ताणून धरा, ताणलेला पट्टा चांगलाच आधार देतो. टेबलावर किंवा कठड्यावर ठेवून काढत असाल तर २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे फोटो निघताना बोट बटणावर नसतं. आणि उजेड अगदीच कमी असेल तर सलग तीन फोटोंची फैर झाडा. दाबतानाचा आणि सोडतानाचा धक्का पहिल्या-शेवटच्यावर जातो, मधला बहुधा वाचतो.

छोट्या फ्लॅशची पोच तीन-चार मीटरच. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, त्यामुळे स्टेडियममधून मारलेला फ्लॅश पुढच्या रांगेतल्या डोक्यांपलीकडे काही उजळवत नाही. त्याचा चांगला उपयोग भर उन्हात होतो: टोपीखालच्या, डोळ्यांखालच्या सावल्या भरायला. अंधारात फ्लॅश मारल्यावर हवेत पांढरी वर्तुळं दिसली तर ती धूळ आहे. फ्लॅश लेन्सला इतका खेटून असतो की लेन्ससमोरचे कण लख्ख उजळतात. लाल डोळ्यांचंही मूळ हेच, प्रकाश डोळ्याच्या पडद्यावरून सरळ लेन्समध्ये परततो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणं, ऑटोवर असू द्या. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, आणि जेपेग, म्हणजे तयार फोटो, दोन्ही ठेवता आल्या तर उत्तम. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. प्लस-मायनस चुकलं तर रॉ वाचवतं.

लेन्सची नळी हा या कॅमेऱ्याचा नाजूक भाग. ती बाहेर येताना अडली, वाळूचा कण आत गेला किंवा बॅगेत चुकून सुरू होऊन आतल्या आत धडपडली, की मोटर आणि दातेरी चाकं जातात. हाताने ती कधीही ओढू-ढकलू नका. लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सरवर बसलेली धूळ घरी पुसता येत नाही, म्हणून धुळीच्या जागी झूम सारखा आतबाहेर करू नये. प्रत्येक वेळी ती नळी हवा ओढते. थंड जागेतून उबदार, दमट जागेत येताना कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करून ठेवा आणि तापमान सारखं झाल्यावरच उघडा, नाहीतर भिंगाच्या आत दव धरतं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि लिहिण्याचा दिवा लुकलुकत असताना ते काढू नका.

शेवटची सवय कॅमेरा ठेवून देतानाची. रात्री ट्रायपॉडवर लावलेला आयएसओ, टायमर, मायनस दोन तसंच राहतं; काही कॅमेरे बंद करून चालू केल्यावरही प्लस-मायनस विसरत नाहीत. डायलवर १-२-३ किंवा एमआर अशी जागा असेल तर तिथे नेहमीची जुळणी साठवून ठेवा: पी मोड, ऑटो आयएसओ, एएफ-एस, प्लस-मायनस शून्य, टायमर बंद. मग डायल तिथे फिरवून कॅमेरा बंद करायचा. अशी जागा नसेल तर निदान प्लस-मायनस शून्यावर आलंय आणि टायमर बंद आहे एवढं बघून मगच तो खिशात टाका.